ऐनाच्या झाडातला देव
आमचा सिहोरा तुमसर तालुक्यातला, धानाच्या बांध्यांचा. पण या मुलखातला जुना देव रानातला: गोंडांचा पर्सापेन, म्हणजे बडादेव. त्याला मूर्ती लागत नाही, ऐनाचं झाड पुरतं. सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या शिक्षणाआधी कुळाचे देव किती ते विचारतात: चार, पाच, सहा की सात? दोन्हीकडे सारखे निघाले की चहा पिऊन उठायचं. ते भाऊबंद ठरले. ही घडी गोंडांचा आद्य गुरू लिंगो यानं बसवली, अशी श्रद्धा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी त्याचं गीत टिपून ठेवलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली ते छापलं गेलं. लिंगोनं गुहेत कोंडलेली गोंडांची पोरं सोडवली, ती सालेकशाजवळच्या कचारगडात, असं मानतात. गोंदिया जिल्हा वेगळा होईतो, १९९९ पर्यंत, कचारगडही आमच्याच भंडारा जिल्ह्यात होता. माघ पौर्णिमेला तिथं आजही दूरदूरच्या राज्यांतून गोंड येतात.