मे महिन्याची सुट्टी: घरच्या कामात मुलांची मदत किती घ्यावी? कायदा काय सांगतो?

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या दिशेने गेलात की समुद्रालगत उत्तन, पाली, चौक ही मच्छीमारांची गावं लागतात. शाळेला सुट्टी लागते नेमकी तेव्हाच इथे घरोघरी कामाची घाई असते.

कारण साधं आहे. राज्यात साधारणपणे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मागोमाग पाऊस येतो. त्यामुळे पावसाळ्यासाठी जे सुकवायचं ते मेच्या उन्हातच. ताजे बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने बांबूच्या वलांडीवर टांगायचे, सुकले की उतरवायचे, निवडायचे. लहान हातांना जमेल असं यात बरंच काही असतं, आणि मुलं घरीच असतात.

मग हे बालमजुरीत येतं का?

१४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला २०१६च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बंदी आहे. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना किंवा घरच्या व्यवसायाला मदत करता येते, काम धोकादायक नसेल तर. २०१७च्या नियमांनी या मदतीला मर्यादा घातल्या: विश्रांती सोडून दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत अजिबात नाही आणि मोठ्या माणसाच्या जागी मूल नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो. स्वतःला विचारा: मूल आज नसतं तर पगारी माणूस लावावा लागला असता का? उत्तर 'हो' असेल तर ती मदत राहिली नाही.

'घरचे' म्हणजे आईवडील, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी. शेजारच्यांच्या वलांडीवर पैसे घेऊन काम करणं या सवलतीत बसत नाही. तिथे कामावर ठेवणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता घरातलं बोलू. भाऊ सकाळपासून क्रिकेटला आणि बहीण भांडी, पाणी, धाकट्याला सांभाळणं, वर बोंबील. तिचे ३ तास दुपारच्या आतच संपलेले असतात, फक्त कोणी मोजत नाही. आठवडाभर दोघांचे तास भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून बघा.

अभ्यासासाठी वेगळा क्लास लागतोच असं नाही. ओल्या आणि सुकलेल्या बोंबलांचं वजन करून किती पाणी उडालं याची टक्केवारी काढणं हे शाळेतलंच गणित आहे. चौकलाच धारावी किल्ला आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तो महत्त्वाचा होता आणि वसई मराठ्यांच्या हाती आली ती मे १७३९ मध्ये, म्हणजे याच दिवसांत. ऊन उतरल्यावर मुलांना तिथे न्या. खाडीपलीकडे वसई आहे, हे तिथे उभं राहिल्यावर नीट कळतं.

खेळ मात्र उरलेल्या वेळेत ढकलू नका. विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क असल्याचं बालहक्क संहितेच्या कलम ३१ मध्ये आहे आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली.

अचानक ढग आले तर माल वाचवायला सगळं घर धावतं, मुलंही धावणार. तो अर्धा तास त्या दिवशीच्या ३ तासांतच धरा.