वेशीवरचा निरोप्या

नव्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत मी चाळीस संगणक मांडले आणि एकालाही नेटवर्कवरचा पत्ता मिळेना. सगळ्यांवर १६९.२५४ने सुरू होणारे आकडे, म्हणजे हाका मारून उत्तर न आल्यावर संगणकाने स्वतःच घेतलेला पत्ता. पत्ते वाटणारा सर्व्हर जुन्या इमारतीत, मध्ये राउटर. पत्त्यासाठीची हाक म्हणजे ब्रॉडकास्ट, सगळ्यांना उद्देशून; आणि राउटर ब्रॉडकास्ट पुढे सोडत नाही. दवंडी वेशीतच थांबते. ते योग्यच आहे, नाहीतर एका खोलीतला गलका साऱ्या नेटवर्कभर पसरेल.

यावरचा तोडगा १९८५चा. बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी सप्टेंबरमध्ये आरएफसी ९५१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातून बूटपी हा पत्ता मिळवण्याचा प्रोटोकॉल मांडला. डिस्क नसलेल्या संगणकाला सुरू होताच पत्ता हवा असे, सर्व्हर मात्र पलीकडे असू शके. त्यांनी निरोपात चार बाइटांचा एक रकाना ठेवला: 'जीआयॲडर'. मधला राउटर ६७ क्रमांकाच्या पोर्टवर हाक ऐकतो, त्या रकान्यात आपला पत्ता लिहितो आणि निरोप थेट सर्व्हरच्या नावे धाडतो. रकाना पाहून सर्व्हरला हाक कुठल्या वस्तीतली ते कळतं. उत्तरही त्याच राउटरकडे येतं. फक्त चार बाइट! मला याचं आजही अप्रूप आहे.

ऑक्टोबर १९९३मध्ये आरएफसी १५४२ने नियम नेमके केले, अशा मधल्या निरोप्याला 'रिले एजंट' हे नाव रुजवलं. त्याच महिन्यात आलेल्या डीएचसीपीने, म्हणजे बूटपीच्या वारसाने, तो रकाना तसाच उचलला.

नव्या इमारतीचे पत्ते सर्व्हरवर आधीच नोंदवलेले होते. राउटरवर हेल्पर ॲड्रेसची, म्हणजे हाक कुठल्या सर्व्हरकडे धाडायची ते सांगणारी, एक ओळ लिहिली आणि चाळीसही संगणकांना पत्ते मिळाले.