सॉफ्टवेअर भांडार (लिनक्स)

सॉफ्टवेअर भांडार किंवा रिपॉझिटरी म्हणजे लिनक्स वितरणाची पॅकेजे व त्यांच्या सूची जेथे साठवल्या जातात तो सर्व्हर होय. नवी सॉफ्टवेअरे आणि सुरक्षा अद्यतने संगणकावर येथूनच येतात. त्यामुळे भांडाराची मांडणी बिघडल्यास संगणक वरकरणी नीट चालतो, मात्र ज्ञात त्रुटींपासून असुरक्षित राहतो.

रचना

डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या वितरणांत हे काम 'अ‍ॅप्ट' हे साधन करते. डेबियनमध्ये ते १९९९ साली आवृत्ती २.१ पासून समाविष्ट झाले. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राचे (सी-डॅक) 'बॉस' हे वितरणही डेबियनवर आधारित आहे. मराठी टंकलेखनाचे 'आयबस-एम१७एन' आणि देवनागरी 'लोहित' फाँट यांची पॅकेजेही भांडारातूनच मिळतात.

अ‍ॅप्टच्या स्रोत-सूचीतील प्रत्येक नोंदीत भांडाराचा पत्ता, आवृत्तीचे सांकेतिक नाव व विभाग असतात. डेबियन १२ चे सांकेतिक नाव 'बुकवर्म', तर उबुंटू २४.०४ चे 'नोबल' आहे. उबुंटूचे मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स व मल्टिव्हर्स असे चार विभाग आहेत.

सामान्य अडचणी

पॅकेज सापडत नसल्यास संबंधित विभाग बंद असण्याची किंवा संगणकावरील सूची जुनी असण्याची शक्यता असते. विभाग सुरू करून सूची ताजी केल्यावर ही अडचण बहुधा दूर होते. दोन आवृत्त्यांची सांकेतिक नावे एकाच सूचीत मिसळल्यास पॅकेजांची परस्परावलंबने जुळत नाहीत.

उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना ५ वर्षे, तर इतर आवृत्त्यांना ९ महिने प्रमाणित साहाय्य मिळते. साहाय्य संपलेल्या आवृत्त्या कालांतराने जुन्या संग्रहात हलवल्या जातात व मूळ पत्ता निकामी होतो. संग्रहाचा पत्ता दिल्यास पॅकेजे मिळतात, परंतु नवी सुरक्षा अद्यतने मिळत नाहीत. म्हणून आवृत्ती बदलणे हाच कायमचा उपाय ठरतो.

जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपल्यास घड्याळ मागे पडते. तेव्हा भांडाराची सूची 'अद्याप वैध नाही' असे समजून अ‍ॅप्ट ती नाकारते. अशा वेळी स्रोत-सूचीत बदल न करता दिनांक व वेळ दुरुस्त करावी लागते.

स्वाक्षरी व सुरक्षितता

सूचीवरील अंकीय स्वाक्षरी पडताळण्यासाठी संगणकावर सार्वजनिक किल्ली असावी लागते. ती नसल्यास अ‍ॅप्ट त्रुटी दाखवते. किल्ली वितरणाच्या किंवा निर्मात्याच्या अधिकृत मार्गानेच घेणे आवश्यक असते. पडताळणी बंद केल्यास त्रुटीचा संदेश नाहीसा होतो, पण पॅकेजात कोणी फेरफार केला आहे का, हे ओळखण्याचा आधारही नाहीसा होतो.