नियमाला नाव कुणाचे?

लहानपणी बहिर्वक्र भिंग उन्हात धरून कागद जाळला नाही, असा मनुष्य विरळाच. त्या खेळामागचा नियम पुढे शाळेच्या पुस्तकात स्नेलच्या नावाने भेटतो. ते नाव तेथे कसे आले, ही कथा श्रोत्यांनी ऐकण्याजोगी आहे.

प्रकाशकिरण हवेतून काचेत तिरपा शिरला म्हणजे लंबाकडे वळतो. बाहेर पडताना लंबापासून दूर जातो. भिंगाच्या मध्यावर दोन्ही पृष्ठे समांतर असल्याने तेथला किरण सरळ जातो. कडेकडे ती एकमेकींकडे कलत जातात, म्हणून किरण अधिक वळतात आणि सारे नाभीपाशी गोळा होतात. पण नेमके किती वळतात? दुसऱ्या शतकात टॉलेमीने कोनांची कोष्टके केली. त्यांतले आकडे इतक्या ठरावीक चालीने वाढतात, की सगळेच त्याने मोजले नसावेत असा संशय येतो! नियम त्याला गवसला नाही.

इसवी सन ९८४ च्या सुमारास बगदादमध्ये इब्न सह्ल याने दाहक आरसे व भिंगे यांवर ग्रंथ लिहिला. त्याचा प्रश्न आपल्या त्या मुलाचाच होता: दूरच्या सूर्याच्या प्रकाशाने वस्तू कशी पेटवावी? आपाती व वक्रीभूत किरणांच्या दिशांनी ठरणाऱ्या दोन रेषाखंडांचे गुणोत्तर कायम राहते, हे त्याने ओळखले. आज आपण तेच कोनांच्या ज्यांचे गुणोत्तर म्हणून शिकतो. गोल पृष्ठाच्या भिंगात कडेचे किरण थोडे अलीकडेच एकत्र येतात. अपास्त आकाराचे भिंग मात्र समांतर किरणांना एकाच बिंदूत आणते, हेही त्याने सिद्ध केले. माझ्या मते हा त्याचा खरा पराक्रम होय.

पुढे सहा शतके गेली. केपलरने १६११ मध्ये दुर्बिणीची उपपत्ती मांडली, ती लहान कोनांपुरत्या अदमासावर. इंग्लंडात हॅरियटला १६०२ च्या सुमारास नियम सापडला होता, पण त्याने तो छापला नाही. लायडनच्या स्नेलला तो १६२१ मध्ये सापडला. त्यानेही छापला नाही, आणि १६२६ मध्ये तो वारला. छापला तो देकार्तने, १६३७ मध्ये. त्याने स्नेलची टिपणे पाहिली होती, असा आरोप नंतर झाला. पुरावा कुणी दिला नाही. फ्रेंच लोक आजही या नियमाला देकार्तचे नाव देतात.

इब्न सह्लच्या ग्रंथाची पाने दमास्कस आणि तेहरान येथे विखुरलेली होती. रुश्दी राशिद यांनी ती जुळवली आणि १९९० मध्ये हा शोध जगापुढे ठेवला.