चिचुंद्री

चिचुंद्री (संकस म्युरिनस) : सोरिसिडी कुलातील कीटकभक्षक सस्तन प्राणी. उंदरासारखी दिसते म्हणून घरोघर ती उंदीरच समजली जाते आणि उंदराबरोबर मारलीही जाते. उंदीर कृंतक गणातला. चिचुंद्रीचे नाते जाहकाशी आहे. लिनीअसने 1766 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले.

लांब, निमुळते, सतत हलणारे नाक ही तिची पहिली खूण. डोळे अगदी बारीक, नजर अधू. त्यामुळे ती भिंतीच्या कडेकडेने हुंगत, मधूनमधून चिरका आवाज काढत फिरते. शेपूट बुडाशी जाड, त्यावर विरळ लांब केस. दात 30. उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढतात, म्हणून त्याला कुरतडत राहावे लागते. चिचुंद्रीचे तसे नाही. तिचे पुढचे आकडेदार दात चिमट्यासारखे किडा पकडतात. कपडे नि वह्या कुरतडल्याचा आळ तिच्यावर घेणे अन्यायाचे आहे.

झुरळे, नाकतोडे, गांडुळे हा तिचा मुख्य आहार, खरकटेही खाते. मोरीत रात्री शिरते ती बहुधा झुरळांच्या मागावर. दोन्ही कुशींवरच्या ग्रंथींमधून उग्र दर्प येतो, नरांत अधिक. मांजर तिला मारते, पण पुष्कळदा न खाताच टाकून देते.

गर्भकाळ सुमारे एक महिना. पिले थोडी मोठी झाली, की जागा बदलताना एक विलक्षण प्रकार दिसतो. पहिले पिलू आईच्या शेपटीच्या बुडाजवळची कातडी तोंडात घट्ट धरते, दुसरे पहिल्याची, तिसरे दुसऱ्याची. आणि सगळी रांग आईच्या पावलाबरोबर वळणे घेत निघते. आईला उचलले तरी पिले पकड सोडत नाहीत.

महाराष्ट्रातील चिचुंद्र्यांत हीच सर्वांत परिचित. हिच्याच प्रजातीतली एट्रस्कन चिचुंद्री जेमतेम 2 ग्रॅमची असून वजनाने जगातील सर्वांत हलक्या सस्तन प्राण्यांत गणली जाते; तीही भारतात आढळते.

उंदराला उलटी करता येत नाही, चिचुंद्रीला येते. म्हणून कर्करोगावरील औषधांनी होणाऱ्या मळमळीवर उपाय शोधताना 1980 च्या दशकापासून प्रयोगशाळांत तिचा उपयोग होत आला आहे.