गुरूवाचून चालत आलेली विद्या

जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये परस्परांशी जोडलेल्या दस्तऐवजांच्या जाळ्याची तजवीज वरिष्ठांपुढे मांडली, आणि 1991 च्या अखेरीस एचटीएमएल या खुणांच्या भाषेचे जे पहिले टिपण त्यांनी उपलब्ध केले त्यात जेमतेम 18 खुणांचे वर्णन होते. तथापि या खुणा सामान्य मनुष्याने स्वहस्ते टंकित कराव्यात हे त्यांच्या मनात मुळीच नव्हते. त्यांच्या आद्य ब्राउझरमध्ये पान वाचता येई तसेच तेथल्या तेथे लिहिताही येई, आणि खुणा पडद्याआड राहत. परंतु इलिनॉय विद्यापीठात 1993 मध्ये सिद्ध झालेल्या मोझेक या ब्राउझरने लिहिण्याची सोय वगळली आणि पानामागचा मूळ मजकूर उघडून पाहण्याची मुभा तेवढी ठेवली. त्यातच त्या वर्षीच्या 30 एप्रिलला सर्नने या तंत्रावरील आपला हक्क सोडून दिल्यामुळे कोणाचा परवाना वा मक्ता आडवा येईनासा झाला. ‘व्ह्यू सोर्स’ म्हणून पुढे विख्यात झालेल्या त्या मुभेचा लाभ घेऊन दुसऱ्याच्या पानाची नक्कल उतरवावी, तीत आपले नाव व आपल्या मालाचे भाव घालावेत, एखादी खूण काढून काय बिघडते ते पाहावे, हीच त्या काळची पाठशाळा होय. आणि ती जनकाच्या इच्छेविरुद्ध स्थापन झाली, हे मला मोठे मौजेचे वाटते.

या विद्येच्या बखरी नव्या निर्मितीचे पोवाडे गातात. दुरुस्ती करणाऱ्यांचा उल्लेख त्यांत क्वचितच येतो. वस्तुतः लहान दुकानदाराचे सारे शिक्षण दुरुस्तीतूनच झालेले आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी 1995 मध्ये जी अवजारे लोकांस खुली केली ती मुळात त्यांच्या खासगी पानाच्या देखभालीसाठी होती, आणि तीच पुढे पीएचपी ही भाषा झाली. त्या भाषेत लिहिलेल्या ‘बी2’ या ब्लॉगलेखनाच्या प्रणालीचा विकास थंडावला तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तिचाच मजकूर पुढे चालवून 2003 मध्ये वर्डप्रेस निर्माण केले. 2005 मध्ये त्यात ‘थीम’ची योजना आली आणि पानाचे बाह्य रूप त्यातील मजकुरापासून अलग झाले. ही योजना दुकानदारास वरदान ठरली, तशीच ती त्याच्या मनस्तापासही कारण झाली. कारण तयार थीमच्या फाइलींत हात घालून त्याने रात्री जागून जे रंग बदलावेत, तळाशी जो पत्ता घालावा, ते सर्व त्या थीमची नवी आवृत्ती येताच बेदखल व्हावे, असा प्रकार वारंवार घडू लागला. त्यावरचा उपाय म्हणजे ‘चाइल्ड थीम’: एक स्वतंत्र फोल्डर करावे, त्यातील ‘स्टाइल डॉट सीएसएस’ या फाइलीच्या मथळ्यात मूळ थीमच्या फोल्डराचे नाव नोंदवावे, आणि फेरफार तेवढे तेथे लिहावेत, म्हणजे मूळ दप्तराला धक्का लागत नाही व त्याच्या नूतनीकरणाने आपल्या दुरुस्त्याही पुसल्या जात नाहीत. स्वतःच्या दुकानाचे पान सांभाळणाऱ्यास अन्य काही न आले तरी एवढे आलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

दरम्यान नियमित पाठशाळाही निघाल्या. नॉर्वेतील रेफ्सनेस डेटा या कंपनीने 1998 मध्ये सुरू केलेल्या डब्ल्यू3स्कूल्सने एका बाजूस संकेत व दुसऱ्या बाजूस त्याचा परिणाम दाखवून असंख्य हौशी विद्यार्थी तयार केले, यद्यपि 2011 मध्ये काही जाणकारांनी तिच्या पाठांतील चुकांचा पाढा जाहीरपणे वाचला. 2014 पासून फ्रीकोडकॅम्पने विनामूल्य अभ्यासक्रम उपलब्ध केला. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमाने तर पडद्यावरील इंग्रजी तशीच ठेवून निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत देण्याची पद्धत स्वीकारली, आणि ऐकता ऐकता शेजारी स्वतः करून पाहावे असा दंडक घातला.

दुकानदारांपैकी एखादा मोठ्या पदास चढला, असेही झाले. ओटावा येथे स्नोबोर्ड विकण्यासाठी टोबियास ल्युत्के यांनी बाजारातील सॉफ्टवेअरला कंटाळून स्वतःच दुकानाची प्रणाली रचली. 2006 मध्ये तिचीच इतरांनाही दुकान मांडू देणारी शॉपिफाय ही सेवा झाली. आज तयार साच्यांत माहिती भरून दुकान मांडणारे पुष्कळ आहेत, आणि पानामागचा मजकूर यंत्राने आवळून टाकलेला असल्यामुळे तो उघडूनही नवशिक्यास फारसा बोध होत नाही.

मराठी दुकानदारास मात्र पानामागे डोकावणे अद्याप चुकलेले नाही. साचे बहुधा रोमन लिपीच्या मापाने बेतलेले असतात: मथळ्याला डौल यावा म्हणून ‘लेटर-स्पेसिंग’ म्हणजे अक्षरांमधील अंतर वाढवलेले, तर दोन ओळींतील अंतर इतके कमी की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीशी झगडावा. पहिल्या दोषाने ‘किराणा भुसार’ या अक्षरांची शिरोरेषा जागोजागी तुटते, आणि ती जोडण्यासाठी सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत अक्षरांमधील ते अंतर शून्य करणारी एक ओळ त्याला स्वतःच लिहावी लागते.