शालजोडी आणि विणकराचा हात

वलगावला पेढी नदीच्या पुलापाशी आलं की आमचे अब्बा सायकलवरून उतरायचे आणि पूल पायी ओलांडायचे. 20 डिसेंबर 1956 ला आजारी गाडगेबाबांना अमरावतीकडे नेलं जात असताना वलगावजवळ या पेढीच्याच पुलावर त्यांनी शेवटचा श्वास घेतला. आयुष्यभर चिंध्या जोडलेला अंगरखा घातलेला, हातात खराटा घेऊन गावं झाडणारा माणूस. अब्बा म्हणायचे, "लाखोंच्या धर्मशाळा बांधल्या बाबांनी, पण अंगावर चांगलं कापड चढू दिलं नाही."

हेच अब्बा 1998 साली शाळेतून निवृत्त झाले तेव्हा गावाने त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार. माईकवरून सांगितलं गेलं, "गुरुजींना ही काश्मिरी शाल." अम्मीने ती मलमलच्या कापडात गुंडाळून, डांबरगोळ्या टाकून ट्रंकेत ठेवली. वर्षातून दोन वेळा, ईदेला, ती बाहेर निघायची.

थंडी पडली, कापसाचे चार पैसे घराघरांत आले की अमरावतीहून बसने एक काश्मिरी चाचा गावात यायचे. पाठीवर मोठी गठडी. मुसलमानांच्या मोहल्ल्यात यायचे तसे माळीपुऱ्यातही जायचे, पाटलांच्या वाड्यावरही. उधारी वहीत लिहायची आणि होळीच्या आधी वसूल करून घरी परतायचं, असा त्यांचा नेम. एका वर्षी अम्मीने कौतुकाने ट्रंकेतली शाल त्यांच्यापुढे ठेवली. चाचांनी ती दोन बोटांत धरली, उलटी केली, पाठीमागची बाजू पाहिली आणि हळूच म्हणाले, "भाभीजी, इसको डांबरगोळी मत लगाओ. इसको कीड़ा नहीं खाएगा. ये ऊन ही नहीं है." अम्मीचा चेहरा उतरलेला पाहून पुढे म्हणाले, "पर संभाल के रखना. इज्जत की है."

मग स्वतःच्या गठडीकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं की यातलाही बराच माल मशीनचाच आहे. असली पश्मिना या गावात आणून मी कुणाला विकू? माझे वडील मात्र मागावर बसायचे. हे ऐकल्यापासून शालीचा इतिहास मी मिळेल तिथून वाचत आलो आहे. त्यातलं थोडं इथे मांडतो.

पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळीची लव. हे पठार समुद्रसपाटीपासून 4,000 मीटरहून उंच आहे. तिथल्या थंडीत तग धरण्यासाठी शेळीच्या राठ केसांखाली मऊ लव येते. ती 12 ते 16 मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. उन्हाळ्याच्या सुरुवातीला चांगपा धनगर ती विंचरून काढतात. एका शेळीकडून वर्षाला मूठ-दोन मूठ मिळते. हे धनगर बहुतेक बौद्ध. ती लव श्रीनगरला आली की तिथल्या मुसलमान बाया ती साफ करून चरख्यावर कातायच्या. कानी शालीत तर धोटा नसतोच. वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांच्या छोट्या लाकडी कांड्या एकेक करून ताण्यातून ओवतात. कुठला रंग किती धाग्यांवर घ्यायचा हे 'तालीम' नावाच्या सांकेतिक कागदावर लिहिलेलं असतं. विणकर नक्षी पाहून विणत नाही, तालीम वाचून विणतो. एका बारीक शालीला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं.

आता आपल्या एका शब्दाकडे या. मराठीत आपण 'शालजोडी' म्हणतो. शाल एक असते, मग जोडी कशाला? अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत लिहिलंय की दोन शाली एकत्र पांघरायची पद्धत बादशहा अकबराने सुरू केली. तिलाच दुशाला म्हणतात. ज्या ग्रंथात या शालीची नोंद आहे, त्याच ग्रंथात आपल्या वऱ्हाड सुभ्याचंही वर्णन आहे. पुढे मानाचा पोशाख देण्याची मोगलाई रीत मराठ्यांच्या दरबारातही रुजली. पेशवेकाळातल्या कागदांत सरदारांना, विद्वानांना दिलेल्या वस्त्रांमध्ये शेला, पागोटं आणि शालजोडी येते. ही जोडी आपल्या भाषेत इतकी मुरली की गोड शब्दांत गुंडाळून मारलेल्या टोमण्याला आपण 'शालजोडीतला' म्हणू लागलो. आज ग्रामपंचायतीच्या सभेत सरपंच पाहुण्याच्या खांद्यावर शाल टाकतो, तो त्याच दरबारी रिवाजाचा शेवटचा धागा आहे.

पण मान मिळाला तो खांद्याला. विणणाऱ्या हाताला काय मिळालं?

अठराव्या शतकात काश्मीरवर अफगाणांचं राज्य होतं. त्या काळात शालींवर 'दाग' नावाचा कर बसला. मागावरून उतरलेल्या शालीवर सरकारी शिक्का मारायचा आणि कर घ्यायचा. राज्यं बदलली, अफगाण गेले, शीख आले, शीख गेले, डोगरे आले, पण दाग राहिला. 1846 च्या अमृतसरच्या तहात इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंगांना 75 लाख रुपयांना दिलं. त्या बदल्यात दरवर्षी काय द्यायचं तेही तहात लिहिलंय : एक घोडा, लव देणाऱ्या बारा शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. शालजोडी तहनाम्यात आली, विणकराचा त्यात उल्लेख नाही. त्याला कारखाना सोडता येत नसे, धंदा बदलता येत नसे, आणि कमाईचा मोठा वाटा करातच जाई.

29 एप्रिल 1865 ला श्रीनगरचे विणकर रस्त्यावर आले. दाग खात्याचा अधिकारी राज काक धर याची तिरडी त्यांनी बांधली होती. झालडगर भागात फौजेने त्यांना गाठलं. पळापळीत कित्येक जण पाण्यात ढकलले गेले. 28 विणकर बुडून मेले. पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं गेलं.

तो 1865 चा एप्रिल आपल्या वऱ्हाडानेही विसरू नये. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ला सुरू झालं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. एप्रिल 1865 ला अमेरिकेतल्या बंडखोरांच्या मुख्य फौजेने शस्त्रं ठेवली आणि कापसाचा भाव कोसळला. काश्मीरचा विणकर पॅरिसच्या फॅशनवर जगत होता आणि वऱ्हाडचा शेतकरी लिव्हरपूलच्या बाजारावर. दोघांनीही ती शहरं पाहिली नव्हती. पाच वर्षांनी, 1870 ला, फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. फ्रेंच गिऱ्हाईक तुटलं आणि शालीचा बाजार बसला. आधीच युरोपात यंत्रमागावर नकला होऊ लागल्या होत्या. आपण जिला कोयरी म्हणतो, ती शालीवरची नक्षी स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या मागांवर इतकी विणली गेली की जगाने तिचं नावच पेझ्ली ठेवलं. त्यानंतर 1877 च्या सुमारास काश्मीरमध्ये दुष्काळ पडला. उरलेसुरले माग थंड झाले.

त्याआधी, 1833 च्या दुष्काळात, अनेक काश्मिरी विणकर घरदार सोडून पंजाबात उतरले होते. अमृतसरला आणि लुधियानाला त्यांनी माग मांडले. लुधियाना आज यंत्राच्या लोकरी कापडासाठी ओळखलं जातं, त्याची एक मुळी या पळालेल्या विणकरांपर्यंत जाते. हे वाचलं तेव्हा मला अम्मीची ट्रंक आठवली. अब्बांची ती खोटी काश्मिरी शाल लुधियानाची असेल, तर अगदीच परकी नव्हती म्हणायची.

फेब्रुवारी 2019 ला पुलवामाचा हल्ला झाला. पुढच्या काही दिवसांत ठिकठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांना, फेरीवाल्यांना त्रास झाला. लखनौत रस्त्यावर सुकामेवा विकणाऱ्यांना मारहाण झाल्याचं सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. चाचा तेव्हा वसुलीसाठी अमरावतीत होते. त्यांनी अब्बांना फोन केला, "मास्टरजी, इस साल वसूली रहने दूँ?" अब्बा म्हणाले, "तुम आओ. मैं साथ चलता हूँ." आणि ऐंशीच्या घरातला माणूस काठी टेकत चाचांबरोबर घरोघर फिरला. अंगावर तीच सत्काराची शाल होती. एका घरी पोराने आधार कार्ड मागितलं. अब्बांनी त्याला विचारलं, "तुझ्या आईने यांच्याकडून शाल घेतली तेव्हा कार्ड बघितलं होतं का रे?" पोरगा अब्बांचाच विद्यार्थी. आत गेला आणि पैसे घेऊन आला. दोन घरांनी मात्र दारच उघडलं नाही, तेही खरं.

पुढच्या हिवाळ्यात चाचा आले नाहीत. मग कोरोना आला. अब्बा 2021 ला गेले. आता चाचांचा पुतण्या येतो, उधारीची वही मोबाइलमध्ये ठेवतो. अम्मी आधी चहा देते, मग गठडी सोडायला सांगते.

काश्मिरी पश्मिनाला 2008 साली भौगोलिक मानांकन मिळालं. लव 16 मायक्रॉनच्या आतली, सूत हाताने कातलेलं आणि कापड हातमागावर विणलेलं असेल तरच ती खूण लागते. शाल अंगठीतून गेली म्हणजे ती खरी, ही बाजारातली गोष्ट आहे. पातळ रेशीमही अंगठीतून जातं.

गेल्या डिसेंबरात गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त एका कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. चिंध्या पांघरणाऱ्या माणसाच्या तसबिरीसमोर आम्हा पाहुण्यांना ओळीने शाली मिळाल्या. घरी आल्यावर मी माझी शाल चाचांसारखी उलटी केली. मागची बाजू पुढच्यासारखीच साफ, मशीनची. घडी घातली आणि सकाळी पुलाजवळ चहाची टपरी लावणाऱ्या म्हाताऱ्याला देऊन आलो. ट्रंकेत आता एकच शाल आहे, अब्बांची. डांबरगोळ्या मात्र अम्मी अजून टाकतेच.